एक मनूक, दोन मनुका आणि डबाभर मनुके

गणपती जवळ आले की आमच्या या सदराच्या टपालाला सुक्या मेव्याचा वास येऊ लागतो. यंदाही तसंच झालं. काही पत्रं बाजूला ठेवली, त्यांचा विषय वेगळा होता. उरलेल्यांना एकाच डब्यात घातलं आहे.

प्रश्न: मी पाककृती लिहिते. 'काळ्या मनुका' असं लिहून पाठवलं की छापून येतं 'काळे मनुके'. 'मनुके' वाचलं की माझ्या सासूबाई हसतात. त्यांच्या मते असा शब्दच नाही. मनुका हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? एकवचनी की अनेकवचनी? आणि तो आला कुठून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पण तुमचे संपादकही अगदीच चुकलेले नाहीत. भांडण मिटवण्याआधी एक आठवण सांगते.

मी तीस वर्षं प्रुफं तपासली. एका दिवाळी अंकाच्या घाईत एक पाककृती माझ्या डोळ्यांखालून निसटली आणि छापून आलं, 'रात्री दहा-बारा मणके पाण्यात भिजत घालावेत.' अंक बाजारात गेल्यावर एका अस्थिरोगतज्ज्ञ वाचकांनी कार्ड पाठवलं: 'कोणाचे?' तेव्हापासून हा शब्द दिसला की माझा हात पेन्सिलीकडे जातो. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी कूळ. अरबीत 'मुनक्का' म्हणजे साफ केलेलं, निवडलेलं. द्राक्षाच्या बाबतीत साफ करायचं काय, तर आतल्या बिया. फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला. हिंदीने तो 'मुनक्का' असाच ठेवला. आपण मात्र तोंडात घोळवून त्याचे स्वर फिरवले, मु-न-क्का-चं म-नु-का केलं आणि जोडाक्षरही सोडवून टाकलं. गंमत अशी, की ज्याच्या नावातच 'बिया काढलेली' असं लिहिलंय, त्यातच आपल्याकडे बिया असतात. वाण्याकडे 'मनुका' मागितल्या तर जुना वाणी आजही मोठ्या, काळपट, बियांच्या देतो. बिनबियांच्या हव्या असतील तर त्याचा शब्द दुसरा, पण ते पुढच्या पत्रात.

आमच्या ओळखीचे एक वैद्य हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते मनुका म्हणजे आयुर्वेदातली 'मृद्वीका'. वस्तू तीच आहे, वाद नाही, पण शब्द तो नाही. मृद्वीकेतला 'द्व' जाऊन तिथे 'न' कसा आला, हे त्यांना अजून सांगता आलेलं नाही. प्रत्येक घराण्याला मूळपुरुष संस्कृतात सापडलाच पाहिजे, असा काही नियम नाही.

आता लिंग-वचन. माझं माहेर तासगावचं. खोकला झाला की आजी तव्यावर एक मनूक शेकायची, ती फुगली की चिमूटभर मीठ-मिरपूड लावून हातावर ठेवायची आणि म्हणायची, 'ही मनूक चघळ, बी गिळू नकोस.' मनूक. ती मनूक, त्या मनुका. चिंच-चिंचा, वीट-विटा, तशी मनूक-मनुका. तुमच्या सासूबाईंच्या कानात हेच व्याकरण आहे. म्हणून त्यांना 'मनुके' ऐकून हसू येतं, जसं आपल्याला कुणी 'चिंचे आणले' म्हटलं तर येईल.

मग मनूक गेली कुठे? हे रूप लोपलं कसं, ते मला फार दिवस कळत नव्हतं. एकदा रूपं शेजारी-शेजारी मांडली आणि उलगडलं. 'मनूक' धरली तर रूपं होतात मनुकेचा, मनुकांचा, अनेकवचन मनुका. आता 'मनुका' हेच स्त्रीलिंगी एकवचन धरा, शाळा-भाषा यांच्यासारखं. रूपं काय होतात? मनुकेचा, मनुकांचा, अनेकवचन मनुका. म्हणजे जिथे एकटी, बिनप्रत्ययाची मनूक वाक्यात येते ती एक जागा सोडली, तर दोन्हींत काडीचाही फरक नाही. आणि एकटी मनूक बोलण्यात येते कधी? आजीच्या घरी मनुका मोजून मिळायच्या, म्हणून तिच्याकडे एकवचन होतं. आपण त्या मूठभर घालतो, पावशेर आणतो. एकीचं नाव घ्यायची वेळच येत नाही, त्यामुळे ते नाव कधी पडून गेलं हे कुणाला कळलंच नाही.

एकदा 'मनुका' हे एकवचन ठरलं, की पुढची पायरी निसरडी आहे. मराठी माणसाला आ-कारान्त देशी वळणाचा शब्द दिसला की तो पुल्लिंगी वाटतो: दाणा, मणका, खडा, बेदाणा. खडा-खडे, मणका-मणके, तसा मनुका-मनुके. मग मनुक्याचा, मनुक्यांचा हे ओघानं आलंच. म्हणजे 'मनुके' आभाळातून पडलेलं नाही, ते शेजाऱ्यांकडे बघून शिकलेलं आहे.

इथे सासूबाईंना एक गोष्ट हळूच सांगते. मूळ 'मुनक्का' आ-कारान्तच होता. त्यामुळे माझा अंदाज असा, की आजीची 'मनूक' हीसुद्धा शेजाऱ्यांकडे बघूनच झालेली आहे. वाण्याच्या यादीत 'खारका पावशेर, मनुका पावशेर' एकाखाली एक. खारकांतली एक ती खारीक, मग मनुकांतली एक ती मनूक. एका पिढीने मनुका हे अनेकवचन समजून एकवचन घडवलं, दुसरीने तेच एकवचन समजून अनेकवचन घडवलं. दोन्ही पिढ्यांनी व्याकरण चोख पाळलं.

तुम्ही लिहायचं काय? मी 'काळ्या मनुका भिजत घातल्या' असंच लिहीन, कारण मला आजीचं ऐकावं लागतं. 'काळे मनुके भिजत घातले' लिहिणाऱ्याच्या वाक्यावर मी पेन्सिल चालवणार नाही. चालवेन ती 'काळे मनुका' आणि 'काळ्या मनुके' यांवर, कारण त्यात एक पाय एका होडीत आहे आणि दुसरा दुसरीत. 'काळ्या मनुकांचं पाणी' आणि 'काळ्या मनुक्यांचं पाणी' ही दोन्ही चालतील, सामान्यरूपात विशेषण तिन्ही लिंगांना 'काळ्या' असंच होतं. फक्त एका पाककृतीत एकच घराणं ठेवा.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे आणि दरवर्षी बेदाणा करतो. पाढे म्हणणारी धाकटी मुलगी विचारते, 'बे एके बे' मधला बे आणि बेदाण्यातला बे एकच का? मग बेदाण्यात दोन दाणे का नसतात? दुसरं, आम्ही बोलताना 'यंदा बेदाणा चांगला उतरला' म्हणतो आणि तिच्या पुस्तकात 'बेदाणे' असतं. बरोबर काय? (एक बागायतदार, तासगाव तालुका)

उत्तर: मुलीला माझ्याकडून शाबासकी. प्रश्न वेडा नाही. पाढ्यातला 'बे' संस्कृतातल्या 'द्वि'चा नातू, प्राकृतातून आलेला. बेदाण्यातला 'बे' फारसी आहे आणि त्याचा अर्थ 'वाचून, शिवाय'. बेइमान, बेवारस, बेकायदा यांतला तो. 'दाना' म्हणजे दाणा, बी. बेदाणा म्हणजे बिनबियांचा. हा 'बे' आपल्याला इतका आवडला, की आपण तो घरच्या शब्दांनाही लावला: बेचव, बेताल, बेसूर, बेभान. चव, ताल, सूर, भान यांतलं काहीच फारसी नाही.

'दाण्या'चीही एक गोष्ट आहे. फारसी 'दाना' आणि वैदिक 'धाना' (भाजलेले जव) हे एकाच घरातून फुटलेले भाऊ. एक इराणात राहिला, एक इकडे आला. पुढे इराणातला पाहुणा होऊन आला, तेव्हा आपण त्याचा 'न' मोडून 'ण' केला आणि त्याला दाणापाणी, दाणागोटा, साबुदाणा अशी कामं लावून दिली.

फारसीत 'बेदाना' हे विशेषण आहे. बिनबियांचं ताजं द्राक्षही तिथे बेदानाच. मराठीत विशेषणाचं नाम झालं आणि नुसतं नामच नाही, तर ते सुकलेल्यालाच चिकटलं. वेलीवरच्या बिनबियांच्या घडाला तुम्ही सीडलेस म्हणाल, बेदाणा म्हणणार नाही. तो बेदाणा होतो शेडमध्ये. तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी: घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैलावतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग जाळ्यांच्या रॅकवर सावलीत पसरतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सावलीत हिरवट राहतो, गंधकाची धुरी दिली की पिवळा होतो. आमच्या लहानपणी परसातल्या पत्र्यावर पसरलेला माल असा देखणा नसे, पण येता-जाता मूठ मारायला उत्तम.

आता वचनाचं. तुमचं बरोबर आणि पुस्तकाचंही बरोबर, कारण ही दोन ठिकाणांची दोन व्याकरणं आहेत. शेतात आणि सौद्यात माल एकवचनी असतो: कांदा उतरला, ऊस तुटला, गहू आला, बेदाणा तेजीत आहे. तिथे कुणी दाणे मोजत नाही, ढीग बघतात. स्वयंपाकघरात तोच माल हातात येतो, शिऱ्यावर एक-एक पेरला जातो आणि 'बेदाणे' होतो. सांगलीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'बेदाण्याला'. 'बेदाण्यांना' मिळालं असं कुणी म्हणेल का? आणि शिऱ्यात 'बेदाणा घाल' म्हटलं तर सून एकच घालून मोकळी होईल.

साबुदाणा मात्र घरातही एकवचनीच राहिला. 'साबुदाणे भिजवले' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दाणे फार बारीक असले की मराठी मोजायचा कंटाळा करते, असं माझं मत.

एक विनंती, ही तुम्हाला नाही, पाकिटं छापणाऱ्यांना. 'बिनबियांचे बेदाणे' छापू नका. ते 'बिनबियांचे बिनबियांचे' झालं. आणि 'बियांचे बेदाणे' तर मुळीच नको. मी असं पाकीट दुकानात पाहिलंय आणि घेतलंही आहे. घरी उघडलं, तर आत खरंच बिया होत्या.

प्रश्न: परदेशातून येणाऱ्या 'मनुका मधा'ची महागडी बाटली मुलाने आणली. मनुकांची चव काही लागली नाही. फसलो का? (एक आजोबा, पुणे)

उत्तर: नाही आजोबा, त्या मधात मनुका नसतातच. न्यूझीलंडमध्ये एक पांढऱ्या फुलांचं झुडूप आहे. तिथल्या माओरी लोकांच्या भाषेत त्याचं नाव 'मानुका'. मधमाश्या त्या फुलांवरून मध आणतात, म्हणून मानुका मध. अरबी मुनक्का आणि माओरी मानुका यांची आपसांत ओळखही नाही, त्यांची गाठ फक्त तुमच्या टेबलावर पडली.

प्रश्न: 'खारकेची पूड' की 'खारिकेची पूड'? माझा संगणक दुसऱ्याला लाल रेघ देत नाही. (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर: 'खारकेची'. संगणकाची लाल रेघ ही काही सरस्वतीची भुवई नव्हे.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 साली चौदा होते, 1972 मध्ये त्यांत चार मिळाले. त्यांत उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा एक नियम आहे. शब्द तीन अक्षरी असेल आणि पहिलं अक्षर दीर्घ असेल, तर उपान्त्य ई-ऊ सामान्यरूपात गळून तिथे 'अ' येतो. बेरीज-बेरजेला, लाकूड-लाकडाला, पाऊल-पावलाला. खारीक त्याच रांगेतली: खारकेला, खारकांचा. पहिलं अक्षर ऱ्हस्व असलं की ई-ऊ गळत नाही, फक्त ऱ्हस्व होतो: वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला. आता वरच्या मनुकेकडे परत बघा. 'म' ऱ्हस्व, म्हणून मनूक-मनुकेला, 'मनकेला' नाही. यादीत शेजारी बसणाऱ्या दोघी, पण एकीची ई जाते आणि दुसरीचा ऊ टिकतो. वर्गात हा नियम शिकवायचा असेल तर फळ्यावर या दोघींनाच उभं करा.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, की खारीक 'खारी' असते का. नसते. इराणात खजुराचं फळ पूर्ण वाढलं, रंगावर आलं, पण अजून कडक आहे, त्या अवस्थेला 'खारक' म्हणतात. कच्छात झाडावरून उतरलेल्या तशाच ताज्या, कडक, पिवळ्या-लाल फळाला 'खारेक' म्हणतात आणि ते काकडीसारखं कुरकुरत खातात. आपल्याकडे पोचेपर्यंत ते इतकं वाळलं, की 'खारीक' म्हटलं की फक्त अडकित्ता आठवतो. आणि एखादा हाडकुळा मुलगा. 'वाळून खारीक झालाय' हे वाक्य ताज्या खारेकेच्या देशात कुणाला समजायचं नाही.

प्रश्न: जर्दाळूचं अनेकवचन काय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: जर्दाळूच. एक लाडू, चार लाडू, तसा एक जर्दाळू, चार जर्दाळू. फरक पुढे आहे. लाडवाला, लाडवांचा असं होतं. जर्दाळवाला कुणी म्हणत नाही, परका शब्द म्हणून आपण त्याला हात न लावता नुसता प्रत्यय जोडतो, 'जर्दाळूचा'. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे अलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ. हळदीला आपण 'पिवळीजर्द' म्हणतो, तीही एका अर्थी पिवळी-पिवळीच.

प्रश्न: आमच्या मंडळात पंचखाद्याच्या पाच वस्तूंवरून दरवर्षी वाद होतो. खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर ठरलेली. पाचवी खजूर की बेदाणे? 'ख'च हवा असा काही नियम आहे का? (एक कार्यकर्ता, गिरगाव)

उत्तर: नियम असा की 'पंचखाद्य' हा शब्द दोन प्रकारे फोडता येतो. पंच-खाद्य म्हणजे पाच खाण्याच्या वस्तू. पंच-ख-आद्य म्हणजे ज्यांच्या आरंभी 'ख' आहे अशा पाच. पहिल्या फोडीने तुम्ही बेदाणे घाला, काजू घाला, कुणाची हरकत नाही. दुसरी फोड हौशी आहे, पण लोकांनी ती मनापासून पाळली.

आणि पाळताना काय युक्ती केली बघा. पाचवी जागा रिकामी. खजूर चालतो, पण तो चिकट, प्रसाद ओला करतो. द्राक्षाचं सुकं हवं. बेदाण्याच्या नावात 'ख' नाही, मनुकेच्या नाही. मग फारसीतून आलेलं तिसरं नाव घरात होतं, किसमिस. त्याच्या 'क'वर थोडा जोर दिला आणि झालं 'खिसमिस'. माझ्या आजीच्या तोंडी वर्षभर 'बेदाणा' असे आणि गणपतीचे दहा दिवस 'खिसमिस'. अकराव्या दिवशी पुन्हा बेदाणा.

तेव्हा खजूरवाल्यांना सांगा, पाचवी वस्तू खिसमिस. लिहिताना मात्र पावतीवर 'किसमिस' लिहा, नाहीतर हिशेब तपासणारा विचारेल.